मुंबईत दोन-तीन दिवस राहायचंय? परवडणारी खोली अशी शोधा

मुंबईत खोली शोधताना बहुतेक जण ॲपवर ‘कमी भाडं आधी’ असं लावतात आणि वरच्या चार-पाच नावांतून एक उचलतात. फिरायला येणाऱ्याचे पैसे इथेच वाया जातात. गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, मरीन ड्राइव्ह, क्रॉफर्ड मार्केट ही पाहण्याची ठिकाणं शहराच्या दक्षिण टोकाला आहेत. यादीत वर येणारी स्वस्त हॉटेलं मात्र साकीनाका, मरोळ, मीरा रोड, ठाणे, वाशी अशा भागांत आहेत. म्हणून भाड्याशी भाडं ताडून पाहू नका. खोली, तिथून येणं-जाणं आणि त्यात जाणारा वेळ यांचा मिळून एका दिवसाचा खर्च काढा आणि मग ठरवा.

हिशोब कसा करायचा ते एका उदाहरणातून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. आपल्या तारखांचे खरे दर त्यांच्या जागी घाला. समजा, मरोळला खोली १,८०० रुपयांना मिळते आणि दक्षिण मुंबईतल्या फोर्टात तशीच खोली २,६०० ला. फरक ८०० रुपयांचा. चौघांचं कुटुंब मरोळहून मेट्रोने दक्षिण मुंबईत गेलं आणि एका बाजूचं तिकीट माणशी ६० रुपये धरलं, तर जाऊन-येऊन ४८० रुपये होतात. उरले ३२०. त्यासाठी रोज जवळपास दोन तास प्रवासात घालवायचे, दुपारी मुलं दमली तर खोलीवर परतता येणार नाही, आणि रात्री उशीर झाला तर टॅक्सीत ते ३२० पुरणारही नाहीत. एकट्या माणसाचं गणित उलटं आहे. त्याला प्रवासाला १२० रुपये लागतील आणि ६८० वाचतील. थोडक्यात, माणसं जास्त असतील तेवढं मध्यवर्ती राहणं फायद्याचं, आणि एकट्याने लांब राहिलं तरी चालतं. डॉर्मिटरीलाही हाच नियम लावा. ७०० रुपयांची खाट एकट्याला स्वस्त पडते, पण चार खाटांचे २,८०० होतात आणि तेवढ्यात फोर्टातली खोली येते.

आता भाग निवडू.

सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणि फोर्ट हा भाग पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबासाठी सर्वांत सोयीचा. बरीचशी ठिकाणं चालत होतात, आणि सकाळी उपनगरांतून दक्षिणेकडे येणाऱ्या लोकलच्या गर्दीशी आपला संबंध येत नाही. इथली स्वस्त गेस्ट हाउसं जुन्या इमारतींत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात. लिफ्ट नसते किंवा बंद असते. एका मोठ्या दालनात लाकडी किंवा प्लायवूडच्या भिंती घालून चार-पाच खोल्या काढलेल्या असतात, त्यामुळे शेजारच्याचा फोन आपल्याला ऐकू येतो आणि आतल्या खोल्यांना खिडकीच नसते. भाडं कमी असण्याचं कारण हेच. दोन रात्रींपुरतं हे चालतं, पण सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर मजला आणि लिफ्ट आधी विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात. मेट्रो ३ चं स्थानक आहे, पुण्याच्या शिवनेरी गाड्या इथेच येतात आणि जेवणाची आबाळ होत नाही. दादरहून सीएसएमटीला लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपये. सिद्धिविनायक, शिवाजी पार्क, चैत्यभूमी जवळ. शिवाय पुढे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा ठाण्याकडे जायचं असेल तर दादर अगदी मधोमध. स्टेशनलगतच्या लॉजमध्ये रस्त्याकडची खोली टाळा. फुलबाजार आणि भाजीबाजार पहाटेच सुरू होतात, त्यामुळे झोप मिळत नाही. मागच्या बाजूची खोली मागून घ्या.

अंधेरी पूर्व, मरोळ, साकीनाका या पट्ट्यात हॉटेलं खूप आहेत. त्यांच्यातल्या चढाओढीमुळे दर कमी राहतात, आणि त्याच पैशात खोली जरा नवी आणि एसीची मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून या भागाची उपयुक्तता वाढली आहे. मरोळ नाक्यावर ती वर्सोवा-घाटकोपर मेट्रोला मिळते आणि तिथून सीएसएमटी, चर्चगेट, हुतात्मा चौक इथे गाडी न बदलता जाता येतं. मात्र हॉटेल मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या आत हवं. त्यापुढे गेलात की रोज दोनदा रिक्षा आणि अंधेरी-कुर्ला रोडवरची वाहतूक कोंडी वाट्याला येते. शेवटची मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, हेही लक्षात ठेवा.

वाशी, सानपाडा, बेलापूर हा भाग कोल्हापूर-सातारा-पुण्याकडून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांना बरा. गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि हार्बर लोकलने सीएसएमटीला जायचं. वाशीहून साधारण पाऊण ते एक तास लागतो. दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, तो वाचतो. रविवारी मात्र रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि हार्बर मार्गावरच्या गाड्या काही तास बंद राहू शकतात, म्हणून शनिवारीच ब्लॉकचं वेळापत्रक पाहून घ्या. लोकमान्य टिळक टर्मिनसच्या बाहेरच्या लॉजवर केवळ गाडी तिथे येते म्हणून राहू नका. तिथून कुठेही जायचं म्हटलं तरी आधी कुर्ला किंवा टिळकनगर स्टेशन गाठावं लागतं.

भाग ठरला की गाडीच्या वेळेकडे या. महालक्ष्मी, विदर्भ, देवगिरी, कोकणकन्या या रात्रीच्या गाड्या सकाळी मुंबईत पोहोचतात, आणि हॉटेलांचं चेक-इन बहुधा दुपारी १२ किंवा २ ला असतं. सकाळी सातला दारात उभं राहिलात तर ‘लवकर चेक-इन’ म्हणून अर्ध्या दिवसाचं, गर्दी असेल तर पूर्ण दिवसाचं भाडं मागतात. दोन रात्रींची खोली तीन रात्रींच्या भावात पडते ती अशी. यावर तीन उपाय आहेत. पहिला, २४ तासांच्या हिशोबाचं लॉज शोधणं. जुन्या लॉजमध्ये ही पद्धत अजून आहे, सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत एकच दिवस धरतात. फोनवर नेमकं असंच विचारा: “चेक-आउट चोवीस तासांचं की बाराचं?” दुसरा उपाय, सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवून दुपारपर्यंत फिरणं. त्यासाठी प्रवासाचं तिकीट जवळ हवं आणि बॅगांना कुलूप हवं, कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. तिसरा उपाय रिटायरिंग रूम.

रेल्वेच्या या खोल्या खासगी लॉजपेक्षा बहुधा स्वस्त आणि जागेला सर्वांत सोयीच्या, तरी बऱ्याच जणांना त्या आठवत नाहीत. आरक्षण आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर होतं. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं आणि त्याचा पीएनआर टाकावा लागतो, वेटिंगवर चालत नाही. खोली प्रवास सुरू होतो त्या किंवा संपतो त्या स्टेशनवरच मिळते. १२ किंवा २४ तासांसाठी घेता येते आणि एकूण मुक्काम जास्तीत जास्त ४८ तास. दोन दिवसांच्या फेरीला तेवढा पुरतो. खोल्या थोड्या असल्याने तिकीट कन्फर्म झाल्याबरोबर लगेच पाहा, आदल्या आठवड्यात शोधून उपयोग नाही. इथे एक चूक नेहमी होते. तिकीट दादरपर्यंतचं काढतात आणि खोली सीएसएमटीला हवी असते. गाडी पुढे जात असेल तर तिकीटच सीएसएमटीपर्यंतचं काढा.

मुंबई सेंट्रल स्टेशनवर २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, नंतर सीएसएमटीलाही झालं. पॉड म्हणजे एका माणसाला झोपता येईल एवढा बंद कप्पा, आत एसी, दिवा, चार्जिंग. बाथरूम सामाईक. सुरू झालं तेव्हा मुंबई सेंट्रलला १२ तासांचे ९९९ रुपये होते. आजचा दर पाहूनच ठरवा. परीक्षेला किंवा मुलाखतीला एकट्याने येणाऱ्यासाठी आणि पहाटेची गाडी पकडणाऱ्यासाठी ही सोय उत्तम. बंद जागेत गुदमरल्यासारखं होणाऱ्यांनी, किंवा लहान मूल घेऊन येणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

संस्थांच्या जागाही विचारात घ्या. कुलाब्यात ताज हॉटेलच्या मागे, मेरीवेदर रोडवर साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड आहे. तिथे डॉर्मिटरीतली खाट मिळते, आणि ती गेटवेपासून दोन-तीन मिनिटांवर. मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाउस आहे. दर लॉजपेक्षा जास्त, पण एकट्या महिलांना आणि आई-मुलींना स्वच्छता व सुरक्षिततेसाठी तेवढे द्यायला हरकत नाही. सी. पी. टँकला हिराबाग धर्मशाळा, दादरला गुरुद्वारा अशा धार्मिक संस्थांच्या खोल्या आहेत. तिथे आहाराचे, मद्याचे, रात्री दार बंद होण्याच्या वेळेचे नियम असतात आणि ते मनापासून पाळायची तयारी असेल तरच जा. कोणाला प्राधान्य आहे तेही फोनवर विचारा. गोव्यातले वाचक असतील तर धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गावागावांचे कूड, म्हणजे त्या-त्या गावच्या लोकांच्या सामाईक राहण्याच्या जागा, आहेत. ते मूळचे बोटीवर नोकरीला जाणाऱ्या गोंयकारांसाठी. गावच्या कुडाचं सभासदत्व घरात कोणाकडे असेल तर राहणं अगदी थोडक्यात होतं, पण पर्यटक म्हणून तिथे प्रवेश नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी ई-संपदा पोर्टलवर आणि बँका-विमा कंपन्यांतल्या लोकांनी आपापल्या संस्थेच्या हॉलिडे होमच्या यादीत आधी पाहावं.

एक कळकळीची विनंती. परळ-दादरच्या धर्मशाळा स्वस्त आहेत असं कोणी सांगेल. गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांसाठी आहे, आणि त्या भागातल्या इतर बऱ्याच जागाही तशाच. तिथली प्रत्येक खाट महिनोन्‌महिने केमोथेरपीसाठी थांबलेल्या कुणाला तरी हवी असते. फिरायला आलेल्यांनी ती मागू नये.

शोध सुरू करताना दोन ॲप उघडा आणि दोन्हीकडे नकाशा लावा. यादी पाहू नका. नकाशावर ठरवलेलं स्टेशन मध्ये घ्या आणि चालत दहा मिनिटांच्या आतली नावं टिपा. ‘दादर’ म्हणून जाहिरात केलेलं हॉटेल कधी सायनला, तर ‘फोर्ट’ म्हणून केलेलं कधी डोंगरीत निघतं. प्रत्येक नावासाठी सर्वांत नवीन आणि सर्वांत कमी गुणांचे अभिप्राय वाचा. एकाच तक्रारीवर तीन-चार वेगवेगळे लोक बोलत असतील तर ती खरी धरा. ढेकूण, पाणी, गटाराचा वास, खोली नाकारली, या चारपैकी काही वारंवार दिसलं तर नाव खोडा. चादरीवरचा डाग किंवा नाश्ता बेचव होता ही तक्रार एवढी मनावर घेऊ नका. हॉटेलने टाकलेले फोटो बाजूला ठेवून पाहुण्यांनी टाकलेले पाहा, खोलीचा खरा आकार त्यांतच दिसतो. दर ताडताना पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जा. कर आणि सुविधा शुल्क तिथे जोडलं जातं, आणि पहिल्या पानावर स्वस्त असलेलं तिथे महाग होतं.

दोन-तीन नावं उरली की थेट फोन करा. हे विचारा:

– अमुक तारखेला, एवढी माणसं, मुलांची वयं एवढी. सगळं धरून एकूण किती? वेगळ्या गादीचे किती?
– बाथरूम अटॅच की कॉमन? कॉमन असेल तर किती खोल्यांत एक?
– खिडकी बाहेर उघडते का? कितवा मजला, लिफ्ट चालू आहे का?
– गरम पाणी किती ते किती?
– चेक-आउट किती वाजता, आणि नंतर संध्याकाळपर्यंत सामान ठेवता येईल का?
– डिपॉझिट किती?

‘अमुक ॲपवर तुमचा एवढा दर दिसतोय, थेट घेतली तर किती?’ हेही संकोच न करता विचारा. ॲपचं कमिशन वाचत असल्याने बरेच मालक थोडे कमी करतात, किंवा दर तोच ठेवून लवकर चेक-इन देतात. सकाळच्या गाडीने येणाऱ्याला दुसरा सौदा जास्त मोलाचा.

फसवणुकीपासून सांभाळा. प्रसिद्ध गेस्ट हाउस आणि भक्तनिवासांच्या नावाने खोटी संकेतस्थळं आणि खोटे नंबर फिरतात. नंबर एकाच जागी पाहून विश्वास ठेवू नका. संस्थेचं स्वतःचं पान आणि नकाशावरची नोंद दोन्हीकडे तोच असेल तर फोन करा. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला, व्यक्तीच्या नावाच्या खात्यात पैसे मागणाऱ्याला किंवा ‘परतावा देतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याला नकार द्या. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तारखा हातात असतील तर दर बराच उतरवता येतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि दिवाळीची सुट्टी सर्वांत महाग. गणेशोत्सवात लालबाग-परळ-दादर पट्टा भरलेला असतो. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनानिमित्त चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्या आणि आदल्या दिवशी दादरला खोली मिळेल असं धरून चालू नका. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या शनिवार-रविवारी दक्षिण मुंबई टाळा. जून ते ऑगस्टमध्ये भाव पडलेले असतात, पण पावसात लोकल बंद पडण्याचा धोका असतो, म्हणून त्या दिवसांत लांबच्या उपनगरापेक्षा फोर्टच घ्या. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि अंधेरी एमआयडीसीजवळची हॉटेलं कामानिमित्त येणाऱ्यांवर चालतात, तिथे शुक्रवार ते रविवार दर बऱ्याचदा खाली येतात.

ॲपवर आरक्षण केलं असलं तरी निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून बुकिंग क्रमांक सांगा आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा. दारात गेल्यावर “खोली नाही”, “या दरात परवडत नाही”, “लोकल आधार चालत नाही” ही उत्तरं स्वस्त हॉटेलांत नवीन नाहीत. मुंबई-ठाण्याचा पत्ता असलेल्यांना आणि अविवाहित जोडप्यांना ती जास्त मिळतात. दोन सज्ञान माणसांनी एकत्र खोली घेण्यास कायद्याची मनाई नाही, पण हॉटेलं स्वतःचे नियम लावतात, म्हणून ‘लोकल आयडी’ आणि ‘जोडप्यांना प्रवेश’ हे आरक्षणाआधीच विचारून घ्या. तरीही नकार मिळालाच तर काउंटरसमोरून हलू नका. तिथूनच ॲपच्या मदत क्रमांकावर फोन लावा आणि पर्यायी खोली किंवा पूर्ण परतावा मागा. “तुम्हीच कॅन्सल करा, पैसे येतील” असं काउंटरवाला म्हणेल. ते करू नका. आपल्या बाजूने रद्द झालं की रद्द करण्याचे नियम लागू होतात आणि पैसे अडकतात.

ओळखपत्र प्रत्येक सज्ञान माणसाचं लागतं. पॅनवर पत्ता नसल्याने ते चालत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट मूळ स्वरूपात ठेवा. आधारची प्रत द्यायची तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढून न्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. प्रतीवर हॉटेलचं नाव, तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असं पेनने लिहा.

रजिस्टरवर सही करण्याआधी खोली पाहायला मागा. आत गेल्यावर नळ आणि फ्लश चालवून पाहा, दाराची आतली कडी लावून पाहा, मग गादीचा कोपरा उचलून शिवणीत मोबाइलचा टॉर्च मारा. काळपट ठिपके किंवा वाळलेल्या रक्ताचे डाग दिसले की ढेकूण आहेत. खोली बदलून घ्या, आणि लगतची घेऊ नका, कारण ते भिंतीच्या फटींतून पलीकडे जातात. तोवर बॅगा पलंगावर ठेवायच्या नाहीत. भिंतीला ओल असेल किंवा कुबट वास येत असेल तर एसी लावूनही तो जात नाही, दमेकऱ्यांनी अशी खोली नाकारावी.

बिल पक्कं मागा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. जुन्या दराने लावला असेल तर दाखवून द्या. काउंटरवर कर घेत असतील तर बिलावर जीएसटी क्रमांक असायलाच हवा. नोंदणी नसलेल्या छोट्या लॉजला कर म्हणून वेगळे पैसे घेता येत नाहीत. डिपॉझिट रोख दिलं असेल तर त्याची पावती त्याच वेळी घ्या. परतीची गाडी रात्रीची असेल तर सकाळी चेक-आउट करताना डिपॉझिट परत घ्या आणि सामान मात्र लॉजवरच ठेवून निघा. ते घ्यायला सातच्या आत परत या, कारण फोर्टातल्या बऱ्याच इमारतींत संध्याकाळी एकच माणूस काउंटरवर असतो, आणि त्याच वेळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बॅगा घेऊन चढणं कठीण असतं. दादर किंवा ठाण्याहून गाडी पकडायची असेल तर सामान पाचच्या आधीच हलवा.